व्हिएतनामी कॉफी आणि फिन गाळणी: चव चोख, माहितीपत्रक खोटं

काय घेतलं: भाजलेल्या रोबस्टा जातीच्या कॉफीबियांचा पाव किलोचा पुडा, ६५० रुपये. सोबत स्टीलची फिन गाळणी, ३५० रुपये. कुठून: जळगाव स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक छोटं दुकान. दुकानदार तरुण आहे, चहाचा धंदा सोडून कॉफीत उतरलाय.

आधी कॉफीबद्दल सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असेल. कॉफी घेण्यासारखी आहे. आपल्याकडे खानदेशात कॉफी म्हणजे लग्नाच्या रात्री जागरणाला दूध-साखरेत ढवळलेली इन्स्टंट, बाकी सगळं राज्य चहाचं. ही कॉफी त्या जातीतली नाही. ती जाड आहे, कडू आहे, आणि घोट गेल्यावर तोंडात ताज्या फुटाण्यासारखी खमंग चव बराच वेळ राहते. रोबस्टात कॅफिन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर पिऊ नका. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी अजिबात नको.

फिनचे चार भाग असतात. पेल्यावर बसणारी ताटली, तळाला भोकं असलेलं भांडं, आत दाबून बसवायची चकती आणि झाकण. पेल्याच्या तळाशी दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क घाला. फिनमध्ये भरडसर दळलेली कॉफी, साधारण तीन चमचे, वर चकती हलकीच टेकवा. उकळी येऊन जरा निवलेलं पाणी आधी थोडंसंच ओता आणि अर्धा मिनिट थांबा. कॉफी फुगते, तिच्यातली हवा बाहेर पडते. मग भांडं भरा आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत थेंब-थेंब गळून होते. दोन मिनिटांत गळली तर दळण जाड झालंय, दहा मिनिटं लागली तर फार बारीक. चकती जोर लावून दाबू नका, गाळणी तुंबते. म्हशीचं दूध घालून पाहिलं. सायीत कडूपणा बुडून जातो आणि कॉफीचा जीवच जातो. कंडेन्स्ड मिल्कच हवं.

आता पुडा. पुड्यावर डोंगर आहेत, पाठीला वेताची टोपली अडकवलेली एक हसरी बाई आहे, आणि आत घडी घातलेलं मराठी माहितीपत्रक आहे. त्यात लिहिलंय की व्हिएतनामच्या मध्य पठारावरच्या बुओन मा थुओतच्या डोंगरात शतकानुशतकं शांतपणे जगणाऱ्या आदिवासींची ही परंपरागत कॉफी. मी इतिहास शिकवते, नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत. घरची भिल्ल. हे वाक्य वाचून मला गप्प बसवेना. कॉफी परंपरागत नाही, आणि त्या डोंगराला शांतपणे जगू दिलं असं गेल्या शंभर वर्षांत म्हणता येत नाही.

परंपरेचं आधी. व्हिएतनामात कॉफी आणली फ्रेंच मिशनऱ्यांनी, १८५७ मध्ये, तीही उत्तरेकडे. मध्य पठारावर, ज्याला व्हिएतनामी भाषेत ताय न्युएन म्हणतात, मोठे मळे आले ते १९२० च्या दशकात फ्रेंच मळेवाल्यांबरोबर. त्या पठारावर एदे, जराय, बाहनार, सेदांग, कोहो, म्नोंग असे अनेक समाज राहतात. फ्रेंचांनी सगळ्यांना मिळून मोंतान्यार म्हणजे डोंगरवासी म्हटलं आणि जगाच्या पुस्तकांत तेच नाव राहिलं. एदे आणि जराय यांच्यात घराणं आईकडून चालतं. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आणि एद्यांच्या लांबलचक लाकडी घरात मुलीचं लग्न झालं की घरालाच पुढे जोड देतात. शेती डोंगरउताराची. जंगल साफ करून भात घ्यायचा, दोन-तीन वर्षांनी ते रान सोडायचं, जमिनीला दम घेऊ द्यायचा आणि फिरून काही वर्षांनी तिथेच यायचं.

ही रान सोडून देण्याची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दम घेणारी जमीन मालकाला माहीत असते, कागदाला माहीत नसते. फ्रेंच मळेवाल्याने तिला पडीक म्हटलं. पुढे दक्षिण व्हिएतनामच्या, म्हणजे सायगावच्या, सरकारने पडीक म्हटलं. १९७५ नंतरच्या कम्युनिस्ट सरकारनेही पडीकच म्हटलं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रेंचांच्या काळात पठार बसून सहन करत नव्हतं. म्नोंगांचा पुढारी न्त्रांग लुंग १९१२ ते १९३५ लढत राहिला. त्याच वेळी दाक लाक प्रांताचा फ्रेंच अधिकारी लेओपोल्द साबातिए एद्यांचा रूढीकायदा लिहून काढत होता आणि मळेवाल्यांना अडवू पाहत होता. त्याला तिथून हलवलं गेलं आणि मळे आले. मग दुसरं महायुद्ध संपलं, हो ची मिन्हचं कम्युनिस्ट सरकार उभं राहिलं आणि फ्रेंचांना डोंगर एकाएकी फार प्रिय झाला. १९४६ मध्ये त्यांनी पठाराचा वेगळा प्रदेश जाहीर केला. १९५० मध्ये तो सम्राट बाओ दाइच्या थेट अखत्यारीत आला आणि १९५१ मध्ये त्याला खास दर्जा मिळाला. हो ची मिन्हच्या व्हिएत मिन्ह या आघाडीनेही डोंगरातले लोक आपल्याकडे वळवले. बाहनारांचा दिन्ह नूप फ्रेंचांविरुद्ध लढला, तो आजही तिथला नावाजलेला वीर आहे. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेत हो ची मिन्हचं सरकार आणि दक्षिणेत सायगावचं, तेव्हा हजारो डोंगरी तरुण उत्तरेत गेले.

दक्षिणेत न्गो दिन्ह झिएमची सत्ता आली आणि १९५५ मध्ये खास दर्जा संपला. सपाटीवरच्या किन्ह, म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी, लोकांच्या वसाहती पठारावर आणून बसवल्या, डोंगरी लोकांच्या रूढीन्यायाच्या पंचायती बंद केल्या. यातून १९५८ मध्ये बाजाराका ही डोंगरी लोकांची संघटना उभी राहिली. बाहनार, जराय, राडे म्हणजे एदे, आणि कोहो या चार समाजांच्या नावांची आद्याक्षरं. तिचा नेता वाय भाम एनुओल याला त्याच वर्षी तुरुंगात टाकलं आणि १९६४ पर्यंत आत ठेवलं. उत्तरेचं बोलणं मात्र तेव्हा गोड होतं. तिथे १९५५-५६ मध्येच डोंगरी समाजांचे स्वायत्त प्रदेश बनवले होते, आणि उत्तरेच्या पाठिंब्याने १९६० मध्ये दक्षिणेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने ताय न्युएनलाही तेच कबूल केलं. त्या आघाडीच्या उपाध्यक्षांत वाय बिह आलेओ हा एदे होता. म्हणजे एकाच समाजाचे दोन पुढारी, एक सायगावच्या तुरुंगात आणि एक सायगावविरुद्धच्या आघाडीत, आणि दोघांची मागणी एकच.

मला सगळ्यांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते बुओन एनाओपाशी. बुओन मा थुओतजवळचं हे एदे गाव, साल १९६१. उत्तरेकडून दक्षिणेतल्या बंडखोरांना माणसं आणि रसद पोचवणारा हो ची मिन्ह मार्ग या पठाराच्या कडेने उतरत होता, त्यामुळे अमेरिकनांना हे डोंगर हवे होते. सीआयएची माणसं गावाच्या वडीलधाऱ्यांशी बोलायला आली. पुस्तकांत बहुतेकदा पुढचं एवढंच सापडतं की अमेरिकेने आदिवासींना बंदुका दिल्या. पण वडीलधाऱ्यांनी आधी अटी घातल्या होत्या. एदे आणि जराय गावांवरचे हल्ले थांबले पाहिजेत. ज्यांना बंडखोरांनी जबरदस्तीने कामाला लावलं त्यांना निष्ठावंत धरलं पाहिजे. दवाखाना, शाळा आणि शेतीला मदत मिळाली पाहिजे. हे ठरल्यावर गावाने स्वतः कुंपण घातलं, लपायला खड्डे खणले, दवाखाना बांधला. सुरुवातीला हातात भाले आणि धनुष्यं होती, बंदुका नंतर आल्या. वर्षभरात दोनशेच्या आसपास गावं या योजनेत आली. ही माणसं भोळी नव्हती. दारात आलेल्या ताकदीशी त्यांनी घासाघीस केली, आणि जीव जाण्याच्या काळात जेवढं पदरात पडेल तेवढं पाडून घेतलं.

आणि मग नेहमीचं झालं. हत्यारं हातात असलेले डोंगरी लोक सायगावला नकोसे वाटले. योजना १९६३ मध्ये अमेरिकी लष्कराकडे गेली, गावांकडच्या बंदुका परत मागायला सुरुवात झाली आणि गाव राखायला उभ्या केलेल्या तुकड्या सरहद्दीच्या कामाला लावल्या. २० सप्टेंबर १९६४ ला बुओन मा थुओतच्या भोवतीच्या अमेरिकी खास दलाच्या छावण्यांमध्ये याच सैनिकांनी उठाव केला. फुलरो नावाचा झेंडा पुढे आला, म्हणजे पीडित वंशांच्या लढ्याची संयुक्त आघाडी. रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, छावण्यांमधले सत्तरच्या आसपास व्हिएतनामी सैनिक मारले गेले. अमेरिकन मध्ये पडून बोलणी करत राहिले आणि उठाव निवळला. वाय भाम कंबोडियात मोंदुलकिरीला गेला. त्या सत्तर सैनिकांच्या घरच्यांचं दुःख मी बाजूला सारत नाही. पण जमीन, पंचायत, शाळेत आपली भाषा, यातलं काहीही अर्ज करून मिळालं नव्हतं. उठाव झाल्यावर पुढच्याच महिन्यात पठारावरच्या प्लेइकू शहरात परिषद भरली आणि सरकार आश्वासनं देऊ लागलं. आश्वासनं अर्धी-मुर्धी राहिली म्हणून डिसेंबर १९६५ मध्ये फुलरो पुन्हा उठली.

मधल्या काळात युद्ध त्यांच्या अंगणात होतं. अमेरिकी आणि उत्तरेच्या फौजांमधली १९६५ ची इया द्रांगची प्रसिद्ध लढाई जरायांच्या मुलखात झाली. ५ डिसेंबर १९६७ ला दाक सोन या गावात व्हिएत काँगने, म्हणजे मुक्ती आघाडीच्या लढवय्यांनी, आगीचे फवारे मारून स्तिएंग या डोंगरी समाजाच्या २५२ लोकांना जाळून मारलं, त्यात बायका-मुलं होती. दुसरीकडे अमेरिकी बॉम्ब आणि गोळीबाराची मोकळी मैदानं, त्यासाठी गावंच्या गावं उठवून छावण्यांत कोंबलेली. युद्धभर मिळून सुमारे दोन लाख डोंगरी लोक मेले असा अंदाज सांगितला जातो. त्यांची एकूण संख्याच दहा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचा.

१० मार्च १९७५ ला उत्तरेच्या फौजेने बुओन मा थुओतवर हल्ला केला आणि शहर पडलं. चार दिवसांनी सायगावच्या राष्ट्राध्यक्षाने पठार सोडायचं ठरवलं, आणि ३० एप्रिलला सायगाव पडलं. युद्धाचा शेवट या कॉफीच्या शहरात सुरू झाला. तिथल्या चौकात रणगाड्याचं स्मारक आहे. वाय भाम एनुओल तेव्हा कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्ये होता. ख्मेर रूज हे तिथले कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर त्याने फ्रेंच दूतावासात आसरा घेतला, तिथून त्याला बाहेर काढलं आणि मारलं. जिंकलेल्या बाजूने कबूल केलेली स्वायत्तता दिली नाहीच, उलट उत्तरेतले जुने स्वायत्त प्रदेशही त्याच वर्षी मोडीत काढले. फुलरोचे उरलेले लोक जंगलात राहिले. शेवटचे सुमारे चारशे जण १९९२ मध्ये मोंदुलकिरीत संयुक्त राष्ट्रांच्या माणसांपुढे हत्यारं ठेवून बाहेर आले आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला गेले.

आणि इथे कॉफी परत येते. १९७५ नंतर सपाटीवरची माणसं नव्या आर्थिक क्षेत्रांच्या नावाने पठारावर वसवली. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर लोक आपणहूनही आले, कारण लाल बेसाल्टच्या मातीत रोबस्टा उत्तम येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगातला दुसरा मोठा कॉफी उत्पादक झाला. ज्यांचं ते रान होतं ते आपल्याच मुलखात अल्पसंख्य झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये प्लेइकू आणि बुओन मा थुओतला हजारो डोंगरी लोक रस्त्यावर उतरले, एप्रिल २००४ मध्ये ईस्टरच्या वेळी पुन्हा. मागण्या दोन: जमीन आणि आपल्या चर्चमध्ये मोकळेपणाने प्रार्थना. दोन्ही वेळा दडपशाही झाली, अनेकजण तुरुंगात गेले. आज एदे आणि जराय शेतकरीही कॉफी लावतात, कुणी चांगली कमाई करतात, हेही खरं. पण त्या हसऱ्या बाईच्या चित्राखाली शतकानुशतकांची शांत परंपरा असं छापणं म्हणजे तिच्या आई-आजीचं सगळं पुसून टाकणं आहे.

शाळेत ही कॉफी सगळ्यांना पाजली तेव्हा आमचे पावरा सर म्हणाले, “मॅडम, म्हणजे हे लोक अमेरिकेच्या बाजूचे होते ना?” हा प्रश्न सगळे विचारतात. मी म्हटलं, सर, मग आपण कोणाच्या बाजूचे होतो? १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आपलेच लोक तिच्यात भरती झाले. आणि सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला, त्याच्या लोकांनी १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला लढाई दिली. पलटणीतला भिल्ल आणि अंबापाणीचा भिल्ल, दोघांच्या घरची चूल आणि दोघांचं रान एकच होतं. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खाज्याबद्दल वर्गात सांगतो, पलटणीबद्दल कधी सांगितलं नाही.” मी म्हटलं, सांगा. दोन्ही सांगितल्याशिवाय पोरांना कळणार नाही की आपले पूर्वज दर वेळी हिशोब करत होते.

माझ्या आजोबांची जमीन शहाद्याकडे सावकारीत गेली होती. अंबरसिंग सुरतवंतींसारख्यांनी १९७० च्या दशकात गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची चळवळ उभी केली, १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा आला, आणि आमचा एक तुकडा परत मिळाला. सगळी जमीन नाही मिळाली. म्हणून २००१ मध्ये प्लेइकूच्या रस्त्यावर उतरलेली माणसं मला परकी वाटत नाहीत. त्या लोकांना दुसऱ्याच्या युद्धातली प्यादी म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. फ्रेंच, सायगाव, हनोई, वॉशिंग्टन, जो कुणी आला त्याच्यापुढे त्यांनी जमीन, पंचायत, भाषा हीच यादी ठेवली. यादी बदलली नाही, समोरचे बदलत गेले.

आता सेवेबद्दल, कारण दुकानदाराने जे केलं ते सांगायलाच हवं. माहितीपत्रक घेऊन मी दुकानात गेले. तो म्हणाला, “ताई, हे आपल्याला पुण्याहून पुड्याबरोबरच येतं, मी तर वाचलंसुद्धा नव्हतं.” मी म्हटलं, “भाऊ, मग आता वाच.” गिऱ्हाईक उभं असताना त्याने ते वाचलं, माझं सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले. त्यातला एक चांगला होता: “मग ही कॉफी विकू का नको?” विक, असं मी सांगितलं. कॉफी घेणं थांबवून एदे शेतकऱ्याला त्याचं रान परत मिळणार नाही. पण त्याच्याबद्दल खोटं वाटायचं थांबव. त्याने पत्रकं पुड्यांतून काढून टाकली आणि पुरवठादाराला कळवलं. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान मी एक पानभर मराठी मजकूर लिहून दिलाय, तो गल्ल्याजवळ ठेवलाय. हवा असेल तर मागा, झेरॉक्स देतो.

दोन सूचना त्याला तोंडावर दिल्यात, इथेही लिहिते. पुड्यावर भाजल्याची तारीख असते, पण पिकवल्याचं गाव किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेचं नाव नसतं. पुरवठादाराकडून ते मागून घ्यावं. कुणाच्या शेतातली कॉफी आहे हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. आणि काही व्हिएतनामी पुड्यांत बिया लोणी आणि साखर लावून भाजलेल्या असतात. चव गोडसर होते, पण उपासाला किंवा पथ्याला घेणाऱ्यांना ते सांगायला हवं. मी घेतलेल्या पुड्यात तसं काही नव्हतं, बिया कोरड्या होत्या, तेल सुटलेलं नव्हतं.

चवीला पाचपैकी साडेचार. फिनला चार, कारण झाकण पातळ आहे आणि चटका बसतो. दुकानाला पाच. माहितीपत्रकाला शून्य. घेताना दळलेली पूड घेऊ नका, बिया घ्या आणि तिथेच फिनसाठी म्हणून भरड दळून मागा. पाव किलो दोघांच्या घरात तीन आठवडे पुरते. पुडा हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात महिन्याच्या वर ठेवलीत तर वास उडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्धा पाव मागा. तो देतो.